अंदाज चुकला तर भार कोणाचा? अमेरिकेतील आरोग्यविमा क्रेडिट आणि विवरणपत्रातला ताळमेळ

अमेरिकेत ज्यांनी सरकारी 'मार्केटप्लेस'मधून आरोग्यविमा घेतला आहे, त्यांना जानेवारी संपता संपता फॉर्म १०९५-ए मिळतो. त्यात महिनावार तीन रकाने असतात. पहिल्यात विम्याचा पूर्ण हप्ता, दुसऱ्यात त्या भागातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त 'सिल्व्हर' योजनेचा हप्ता आणि तिसऱ्यात सरकारने त्या कुटुंबाच्या वतीने विमा कंपनीला परस्पर भरलेली रक्कम. ही तिसऱ्या रकान्यातली रक्कम म्हणजे 'प्रीमियम टॅक्स क्रेडिट' या करसवलतीचा आगाऊ दिलेला भाग. ती ठरते कुटुंबाने वर्ष सुरू होण्याआधी सांगितलेल्या अंदाजी उत्पन्नावरून. खरे उत्पन्न वर्ष संपल्यावरच कळते, आणि मग आयकर विवरणपत्रासोबत फॉर्म ८९६२ भरून दोन्हींचा ताळमेळ घालावा लागतो. क्रेडिट कमी मिळाले असेल तर फरक परताव्यात येतो, जास्त मिळाले असेल तर तो कराबरोबर परत करावा लागतो. वरवर पाहता हा साधा हिशेब आहे. त्यामागचा खरा प्रश्न धोरणाचा आहे: ज्यांचे उत्पन्न सर्वांत अनिश्चित, त्यांच्याकडूनच अंदाज मागायचा असेल, तर तो चुकण्याची जोखीम कोणी सोसायची? २०२६ या करवर्षापासून अमेरिकन कायद्याने ती जवळजवळ संपूर्णपणे कुटुंबावर टाकली आहे. हा निर्णय अन्यायाचा आहे आणि तो टाळता येण्याजोगा होता, असे या विषयाचा सगळा इतिहास पाहिल्यावर माझे मत झाले आहे.

भारतातील करदात्याला आरोग्यविम्याची सवलत ओळखीची आहे ती कलम ८०-डी मधून, पण ती वजावट आहे. हप्ता आधी स्वतःच्या खिशातून भरायचा आणि जुन्या करप्रणालीत असल्यास तो ठरावीक मर्यादेपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करायचा. ज्याला करच लागत नाही, त्याच्या हाती यातून काही येत नाही. क्रेडिट उत्पन्नातून वजा होत नाही, थेट करातून वजा होते. प्रीमियम टॅक्स क्रेडिट तर परतावा मिळू शकणारे आहे, म्हणजे कर शून्य असला तरी रक्कम मिळते. ती आगाऊ देण्याची सोय ठेवली, कारण ज्याला दर महिन्याचा हप्ता परवडत नाही, त्याला पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिळणाऱ्या परताव्याचा आज उपयोग नाही. कल्पना अगदी नवी नव्हती. आयातीच्या स्पर्धेमुळे नोकरी गेलेल्या कामगारांसाठी २००२च्या व्यापार कायद्याने असेच एक आरोग्यविमा क्रेडिट आणले होते, आणि तेही दरमहा आगाऊ घेता येत असे. २३ मार्च २०१० रोजी ओबामा यांनी सही केलेल्या 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'ने ही कल्पना कोट्यवधी कुटुंबांपर्यंत नेली. १ जानेवारी २०१४ पासून मार्केटप्लेसमधील विमा लागू झाला. जून २०१५ मध्ये 'किंग विरुद्ध बरवेल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हे क्रेडिट सर्व राज्यांत मिळेल, असे स्पष्ट केले. २०२५ सालासाठी २.४ कोटींहून अधिक लोकांनी मार्केटप्लेसमधून विमा निवडला, आणि त्यांतले बहुसंख्य आगाऊ क्रेडिट घेणारे होते.

हिशेबाची रीत सांगायला सोपी आहे. कुटुंबाने उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांइतका हप्ता स्वतः भरावा, असे कायदा धरून चालतो. दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर योजनेचा हप्ता त्याहून जितका जास्त, तितके क्रेडिट. ही टक्केवारी उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किती पट आहे यावर ठरते. इथे 'उत्पन्न' म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. विवरणपत्रातील समायोजित उत्पन्नात करमुक्त व्याज, सोशल सिक्युरिटीचा करमुक्त भाग आणि वगळलेले परदेशी कमाईचे उत्पन्न मिळवून ते काढतात. 'कुटुंब' म्हणजेही एका छताखाली राहणारे सगळे नव्हेत, तर एका विवरणपत्रावर असलेली माणसे. विवाहित जोडप्याने स्वतंत्र विवरणपत्रे भरली, तर घरगुती हिंसाचार किंवा परित्याग यांसारखे अपवाद सोडता क्रेडिट मिळत नाही. नोकरीतून 'परवडणारा' विमा उपलब्ध असेल, तो घेतला नसला तरी, पात्रता जाते. फॉर्म ८९६२ वर हे सगळे मांडल्यावर कमी मिळालेले क्रेडिट शेड्यूल ३ मार्गे करदात्याच्या बाजूने जमा होते आणि परत करायची रक्कम शेड्यूल २ मार्गे करात वाढते. एरवी ज्याला विवरणपत्र भरायची गरजच नसते इतके ज्याचे उत्पन्न कमी, त्यालाही आगाऊ क्रेडिट घेतले असेल तर ते भरावेच लागते. ताळमेळ दिला नाही, तर पुढे आगाऊ क्रेडिट बंद होऊ शकते.

अंदाज चुकतो का, हे समजायला मार्केटप्लेसमध्ये येणारा माणूस कोण आहे ते पाहावे लागते. मोठ्या कंपनीतील पगारदाराला विमा नोकरीतून मिळतो, पासष्टीनंतर मेडिकेअर असते, अत्यल्प उत्पन्नाला बहुतेक राज्यांत मेडिकेड असते. उरतात ते छोटे धंदेवाले, कंत्राटी आणि हंगामी कामगार, अ‍ॅपवर टॅक्सी चालवणारे, दोन-तीन अर्धवेळ नोकऱ्या जोडून घर चालवणारे, आणि पासष्टीच्या आधी निवृत्त झालेले. पुढच्या वर्षी किती मिळेल हे यांच्यापैकी बहुतेकांना खरोखरच माहीत नसते. त्यात लग्न, घटस्फोट, मुलाचा जन्म, मध्येच लागलेली नोकरी, निवृत्तिनिधीतून काढलेली रक्कम, विकलेल्या शेअरचा नफा, सोशल सिक्युरिटीची एकदम मिळालेली थकबाकी, यांपैकी एखादी घटना सगळे गणित बदलते. स्वयंरोजगारातील माणसाचा हिशेब तर वर्ष संपल्यावरही सरळ नसतो. विम्याच्या हप्त्याची वजावट घेतली की उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की क्रेडिट वाढते, क्रेडिट वाढले की स्वतः भरलेला हप्ता घटतो, म्हणजे वजावट पुन्हा कमी. हे वर्तुळ सोडवायला करखात्याला २०१४ मध्ये आकडे पुन्हा पुन्हा फिरवून उत्तराजवळ नेणारी खास पद्धत जाहीर करावी लागली. कायद्यालाच जे उत्तर फेऱ्या मारून काढावे लागते, ते एखाद्या सुताराने किंवा केशकर्तनकाराने आदल्या नोव्हेंबरात अचूक सांगावे, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही.

चुका फक्त कुटुंबांच्याच होतात असेही नाही. पहिल्याच ताळमेळाच्या हंगामात, फेब्रुवारी २०१५ मध्ये, केंद्र सरकारला जाहीर करावे लागले की सुमारे ८ लाख ग्राहकांना पाठवलेल्या फॉर्म १०९५-ए वर सिल्व्हर योजनेचा हप्ता चुकीचा छापला गेला होता. दुसऱ्या रकान्यातला हाच आकडा सगळ्या गणिताचा पाया असतो. त्या पहिल्या वर्षी आगाऊ क्रेडिट घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या करदात्यांना काही ना काही रक्कम परत करावी लागली, आणि बऱ्याच जणांना उलट जास्तीचे क्रेडिटही मिळाले. चुका दोन्ही दिशांना झाल्या, याचा अर्थ त्यांचे मूळ लबाडीत कमी आणि अनिश्चिततेत जास्त होते. अलीकडे एक वेगळाच प्रकार उघडकीस आला. काही दलालांनी ग्राहकाच्या संमतीविना त्यांची नोंदणी केली किंवा योजना बदलली. अशा माणसाला आपल्या नावे क्रेडिट गेल्याचे कळते ते थेट १०९५-ए हाती पडल्यावर. तो फॉर्म रद्द करून घेण्याची वाट आहे, पण ती चालायची त्यानेच, आणि विवरणपत्राची मुदत त्यासाठी थांबत नाही.

कायदा करणाऱ्यांना हा धोका सुरुवातीपासून दिसत होता. म्हणूनच मूळ २०१० च्या कायद्यात परतफेडीवर मर्यादा होती: दारिद्र्यरेषेच्या चौपटीपेक्षा कमी उत्पन्न असेल, तर एकट्या माणसाने २५० आणि कुटुंबाने ४०० डॉलरहून अधिक परत करायचे नव्हते. पुढचा इतिहास सांगतो की ही मर्यादा न्यायाच्या विचाराने कमी आणि पैशाच्या गरजेने जास्त हलत गेली. त्याच वर्षी डिसेंबरात, मेडिकेअरच्या डॉक्टरांची शुल्ककपात टाळण्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून ती वाढवली गेली. एप्रिल २०११ मध्ये छोट्या व्यवसायांवरील एक कागदपत्री ओझे रद्द करण्याचा खर्च भागवण्यासाठी ती पुन्हा वाढली. ते ओझे रद्द करणे योग्यच होते, पण त्याची भरपाई विमा घेणाऱ्या गरीब कुटुंबांच्या चुकलेल्या अंदाजांतून का व्हावी, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही. पुढे महागाईनुसार वाढत २०२५ या करवर्षासाठी एकट्या माणसाची मर्यादा उत्पन्नाच्या पातळीप्रमाणे ३७५, ९७५ आणि १,६२५ डॉलर झाली आणि इतरांसाठी त्याच्या दुप्पट. मधल्या काळात एकदाच वेगळे घडले. महामारीत उत्पन्नाचे सगळेच अंदाज कोलमडल्यावर, मार्च २०२१ च्या मदत कायद्याने २०२० सालची परतफेड पूर्ण माफ केली. अंदाज चुकणे हा कुटुंबाचा गुन्हा नसतो, हे तेव्हा संसदेने मान्य केले होते. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने मात्र २०२६ पासून मर्यादा कायमची काढून टाकली. आता जास्त गेलेला प्रत्येक डॉलर परत करायचा.

हा बदल एकटा आला असता तरी कठीण होता. तो दुसऱ्या एका बदलाबरोबर आला. २०२१ ते २०२५ या काळात दारिद्र्यरेषेच्या चौपटीच्या वर गेलेल्या कुटुंबालाही क्रेडिट मिळत असे, आणि कोणाचाही वाटा उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त धरला जात नसे. ती वाढीव सवलत २०२५ अखेर संपली आणि चौपटीपलीकडे क्रेडिट एकदम शून्य करणारा जुना कडा परत आला. २०२६ साठी एकट्या माणसाची ही सीमा ६२,६०० डॉलर आहे. साठीतल्या एका व्यक्तीच्या सिल्व्हर योजनेचा वार्षिक हप्ता १३,२०० डॉलर आहे असे उदाहरणादाखल धरू. उत्पन्न ६२,००० झाले, तर तिचा वाटा ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ६,१७५ डॉलर, आणि क्रेडिट सुमारे ७,०२५ डॉलर. डिसेंबरात एक जास्तीचे काम मिळून उत्पन्न ६३,००० झाले, की क्रेडिट शून्य, आणि वर्षभर घेतलेले सात हजार डॉलर परत. कड्यावरून पडणाऱ्याला परतफेडीच्या मर्यादेचा आधार पूर्वीही नव्हता. नवे आहे ते कड्यापासून दूर, खाली असलेल्यांचे ओझे. ३०,००० डॉलरचा अंदाज देणाऱ्या एकट्या माणसाचे उत्पन्न ४०,००० भरले, तर २०२६ च्या दरांनी त्याच्याकडे जवळजवळ १,६०० डॉलर परतफेड निघते. मर्यादा राहिली असती, तर ती हजाराच्या आतच थांबली असती. चाळीस हजारांत भाडे आणि गाडीचा हप्ता भागवणाऱ्याला तो फरक महिन्याच्या खर्चातूनच काढावा लागतो.

याविरुद्ध पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. पैसा जनतेचा आहे. कायद्याने जितके देय त्याहून जास्त गेले, तर ते परत घेण्यात अन्याय कसला? शिवाय ज्याने अचूक अंदाज दिला त्याच्यापेक्षा चुकलेल्याला जास्त लाभ का मिळावा? आक्षेप वजनदार आहे, आणि ताळमेळच नको असे माझे म्हणणे नाही. मोठी आणि टाळता येण्याजोगी तफावत वसूल व्हावीच. पण रक्कम आगाऊ देण्याची रचना सरकारने निवडली, अंदाज मागणे सरकारने ठरवले, आणि तो तपासण्याची साधनेही सरकारकडेच आहेत. दोघांनी मिळून केलेल्या व्यवहारातील अटळ चूक एकावरच लादणे म्हणजे समान वागणूक नव्हे. आणि ज्या कुटुंबाने तो पैसा कधी हाताळलाच नाही, जो थेट विमा कंपनीकडे गेला, त्याला ती रक्कम 'जास्तीचा लाभ' म्हणून जाणवत नाही. एप्रिलमध्ये आलेले एक नवे कर्ज म्हणूनच जाणवते.

दुसरा आक्षेप लबाडीचा आहे. परतफेडीवर मर्यादा असेल, तर लोक मुद्दाम उत्पन्न कमी सांगतील, किंवा दलाल तसे सांगायला लावतील. हा धोका काल्पनिक नाही. उत्पन्न फार कमी दाखवल्यास हप्ता शून्यावर येत होता, त्या काळात काही दलालांनी याचा गैरफायदा घेतला. ज्या राज्यांनी मेडिकेड वाढवले नाही, तिथे उलट, दारिद्र्यरेषेच्या वर येण्यासाठी उत्पन्न फुगवून सांगण्याचा मोहही आहे. पण लबाडी रोखण्याची हत्यारे वेगळी आहेत, आणि ती उपलब्धही आहेत. अर्जावर खोटे सांगणे हा दंडनीय गुन्हा आहे, जुन्या विवरणपत्रांशी अंदाज ताडून पाहता येतो, दलालाचा परवाना काढून घेता येतो. २०२८ पासून तर नोंदणीआधी पडताळणी सक्तीची होणार आहे. इतकी आधी तपासणी होणार असेल, तर प्रामाणिक चुकीसाठी मर्यादा ठेवायला हरकत उरत नाही. अमर्याद वसुली लबाड आणि प्रामाणिक यांत भेद करत नाही; उलट लबाड दलाल निघून गेलेला असतो आणि बिल ग्राहकाच्या पत्त्यावर येते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: उत्पन्न बदलले की लगेच मार्केटप्लेसला कळवा, किंवा आगाऊ क्रेडिट मुळातच कमी घ्या, प्रश्नच उरणार नाही. सल्ला उत्तम आहे आणि प्रत्येकाने तो पाळावा. पण डिसेंबरात मिळालेले काम डिसेंबरात कळवून मागचे अकरा महिने दुरुस्त होत नाहीत. कमी आगाऊ घेणे ज्याला परवडते, त्याला या सवलतीची गरज तुलनेने कमी असते. परतफेडीच्या भीतीने जे विमाच टाळतील ते बहुधा स्वतःला निरोगी समजणारे असतील. ते बाहेर राहिले की उरलेल्यांचे हप्ते वाढतात.

इतर देशांनी याच प्रश्नाला काय उत्तरे दिली, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने २००३ मध्ये अंदाजावर आधारलेली टॅक्स क्रेडिटे सुरू केली आणि पहिल्याच वर्षी जवळपास एक-तृतीयांश दाव्यांत जास्त रक्कम गेल्याचे निघाले. लोकांचे हाल पाहून सरकारने वर्षात वाढलेल्या उत्पन्नापैकी २५,००० पौंडांपर्यंतची वाढ हिशेबात न धरण्याचे ठरवले. त्याआधी ही सूट २,५०० पौंडांची होती. खर्चामुळे ती पुढे टप्प्याटप्प्याने कमी केली गेली हे खरे, पण चुकीला जागा ठेवणे हे नियमात लिहिता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. ऑस्ट्रेलियात खासगी विम्याची सवलत हप्त्याच्या टक्क्यांत असते आणि उत्पन्नानुसार तिच्या पायऱ्या आहेत. पायरी चुकली तरी फरक एका पायरीपुरता राहतो. नेदरलँड्सचा अनुभव मात्र धडकी भरवणारा आहे. तिथल्या बालसंगोपन भत्त्याच्या वसुलीत हजारो पालकांना चुकीने लबाड ठरवून पूर्ण रक्कम मागितली गेली, कुटुंबे कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२१ मध्ये रुट्टे मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तिथला आरोग्यविमा भत्ताही आधी द्या आणि मागून हिशेब करा याच रीतीने चालतो.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हा विषय थेट भिडतो. ग्रीन कार्डवर मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना पहिली पाच वर्षे बहुधा मेडिकेअर विकत घेता येत नाही, आणि तोवर मार्केटप्लेस हाच मुख्य आधार असतो. करदृष्ट्या ते रहिवासी झाले की जगभरचे उत्पन्न मोजले जाते: महाराष्ट्रातील निवृत्तिवेतन, मुदत ठेवींचे व्याज, पुण्या-नाशिकच्या घराचे भाडे, सगळे. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर, म्हणून हे आकडे महिनावार वेगळे काढावे लागतात. मुलाने आईवडिलांना आपल्या विवरणपत्रावर अवलंबित दाखवले, तर हिशेबात मुलाचे उत्पन्न येते आणि क्रेडिट बहुधा उरत नाही. स्वतंत्र विवरणपत्र भरायचे, तर उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या वर हवे; दोघांसाठी २०२६ ची ती रेषा २१,१५० डॉलर आहे. त्याहून कमी उत्पन्नाच्या नव्या स्थलांतरितांना पूर्वी मिळणारी विशेष सवलतही २०२६ पासून गेली. २०२७ पासून ग्रीन कार्डधारक आणि मोजके गट सोडता इतर कायदेशीर स्थलांतरितांना क्रेडिटच मिळणार नाही. म्हणजे एच-वन-बी, एच-फोर आणि विद्यार्थी व्हिसावर असलेले या व्यवस्थेबाहेर जातील.

मग करायला काय हवे? उत्तर अमेरिकेच्या स्वतःच्या दोन योजनांत आहे. मेडिकेअरमध्ये जास्त उत्पन्नवाल्यांकडून घेतला जाणारा वाढीव हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या विवरणपत्रावरून ठरतो. निवृत्ती किंवा जोडीदाराचा मृत्यू यांसारखी घटना घडली, तर माणूस अर्ज करून तो कमी करून घेऊ शकतो. महाविद्यालयीन मदतीचा अर्जही २०१७-१८ या शैक्षणिक वर्षापासून तशाच जुन्या, पक्क्या झालेल्या उत्पन्नावर चालतो. तिथे भविष्याचा अंदाज मागितला जात नाही. आधीच दाखल झालेला आकडा वापरला जातो आणि उत्पन्न घटलेल्याला दुरुस्तीची वाट दिली जाते. आरोग्यविमा क्रेडिटलाही हीच रीत लावता येईल. तेवढे जमेपर्यंत निदान परतफेडीची मर्यादा परत आणावी आणि चौपटीच्या सीमेवर क्रेडिट एकदम शून्य न होता उतरत जावे. याला खर्च येईल हे मान्य. पण तो खर्च आजही होतोच. फक्त तो राष्ट्राच्या अंदाजपत्रकात न दिसता एकेका घराच्या विवरणपत्रात शेड्यूल २ वर दिसतो. श्रीमंत वृद्धांचा वाढीव हप्ता ठरवताना आणि मुलांच्या शिक्षणाची मदत ठरवताना जे राज्य माहीत असलेल्या उत्पन्नावर थांबते, त्याने आजारपणाचे संरक्षण देताना सर्वांत अस्थिर कमाईच्या माणसाकडून भविष्यवाणी मागावी आणि ती चुकली म्हणून पै-पै वसूल करावी, याला कोणताही सुसंगत आधार मला दिसत नाही.